एर्मेलिंदा काकू आणि पारोसा डबा

आमच्या गावात प्रत्येक घराला वर्षभर गावाचं एक काम बिनपगारी करावं लागतं. सभा नाव पुकारते, आपण मान डोलवायची. एर्मेलिंदा काकूंच्या वाट्याला गावच्या टेलिफोनचा सर्व्हर आला तेव्हा मीही फिदीफिदी हसलो होतो. मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले विकणारी बाई लिनक्स काय चालवणार? तीन महिन्यांत काकूंनी माझ्यासकट सगळ्यांची तोंडं बंद केली.

गावच्या संताच्या, सान मातेओच्या जत्रेदिवशी गावातल्या गावात फोन लागत होते, बाहेर मात्र एकही नाही. आबुंदिओ मामा सर्व्हरच्या खोलीत हॅट चुरगाळत उभे होते. त्यांची लेक रुफिना अकरा वर्षं कॅलिफोर्नियात आहे. कागदपत्रं नाहीत, त्यामुळे इथे आली तर परत जाता येणार नाही. दर जत्रेला बाराच्या ठोक्याला ती फोन करते आणि देवळातून निघणारा बँड ऐकते. त्या बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवतो.

साडेअकरा झाले होते. काकूंनी केबल बदलली. दिवा लागला, पण बाहेरची वाट बंदच.

"केबल धडधाकट आहे. मग मेल्याचं अडलंय कुठं?" असं पुटपुटत त्यांनी नेटवर्क कार्डांची यादी मागवली. सेटिंगच्या फाइलीत बाहेरच्या कार्डाचं नाव होतं enp2s0, यादीत दिसत होतं enp3s0.

"यंत्र कार्डाला खाचेवरून नाव देतं," काकू म्हणाल्या. "दोन नंबरच्या खाचेतलं कार्ड तीनमध्ये कुणी बसवलं? फाइल जुन्याच नावाला हाका मारत बसलीय."

मामांनी मान खाली घातली. "मीच गं. जत्रेआधी आपण सगळं गाव घासूनपुसून काढतो. म्हटलं, हाच डबा पारोसा का ठेवायचा? सगळं काढून फडक्यानं पुसलं, परत लावलं."

"चुना नाही ना फासलात?"

"उरला नव्हता."

मला हसू आवरेना. काकूंनी मला बँडकडे हाकललं आणि त्या फाइल उघडून बसल्या.

बारा वाजले. बँडमास्तरांनी हात उचलला. समोरच्या सर्व्हरच्या खोलीचं दार अजून बंदच होतं. मी क्लॅरिनेटची तोंडाकडची वेताची पट्टी काढली, चाटली, उन्हात धरली. "चिरलीय वाटतं," मी म्हणालो. फादर माझ्याकडे असे बघत होते की पुढच्या जत्रेला माझी गच्छंती नक्की. मी पट्टी पुन्हा चाटली.

एवढ्यात दार उघडून काकू बाहेर आल्या आणि त्यांनी ॲप्रन हलवला. मागून मामा, हातात फोन. पट्टी एकदम बरी झाली, शेजारी ट्युबाचा भला मोठा पितळी भोंगा बेसूर घुमला आणि आम्ही वाजवायला लागलो.

मामा फोन डोक्यावर धरून आमच्याबरोबर शेवटच्या गल्लीपर्यंत चालले. बँड थांबल्यावर त्यांनी तो कानाला लावला.

"रडतेस कशाला, पोरी?" ते हळूच म्हणाले. "ट्युबा इतकाही वाईट नाही वाजला."

आणि स्वतःच हॅटमध्ये तोंड लपवून रडायला लागले.