मोजणीदार अप्पा

अप्पा कुठल्याही नव्या जागेत शिरले की बसायच्या आधी ती पावलांनी मोजत. तालुक्याच्या मोजणी खात्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं, ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा हातातली बॅग खाली न ठेवता ते दारापासून खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "तुमचा घरमालक बासष्ट चौरस मीटर म्हणतो ना? अठ्ठावन्नच भरतात."

हौसेनं घर दाखवायला जो हवा होता तो नव्हता. अप्पांचा धाकटा मुलगा, माझा नवरा सुहास, जानेवारीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडता उघडता कोसळला होता. चौतीस वर्षांचा. त्याचे विधी साताऱ्याकडे, गावी झाले. मे महिन्यात मी घर आवरायला परत निघाले तेव्हा अप्पा माझ्यासोबत आले. घर आवरायचं आणि सूनबाईला घेऊन यायचं, असं सासरी आणि माहेरी ठरलं होतं. ठरवताना मला कोणी विचारलं नव्हतं. मीही तोंड उघडलं नव्हतं.

अप्पा सुहासचं नाव घेत नसत. 'तो' म्हणत. "त्याचा चहाचा कप कुठला?" "त्याचं खातं कुठल्या बँकेत?" कपाटातून त्याचे चालायचे बूट निघाले, तेव्हा ते बराच वेळ हातात धरून बसले. मग दोन जोड मोजे चढवून त्यांनी ते पायात घातले आणि घरातल्या घरात चालून पाहिलं. बापाची चप्पल मुलाच्या पायात बसली की मुलगा मोठा झाला म्हणतात. आमच्या घरात ते उलटं झालं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्याच कपाटात जर्मनीच्या पार उत्तरेकडच्या र्‍यूगन बेटाच्या सहलीचे कागद सापडले. त्यानं डिसेंबरातच जागा ठरवून ठेवली होती, मे अखेरीस चार दिवस, आम्हा चौघांसाठी. आई-अप्पांना फोनवर तो सांगायचा, पांढऱ्या खडूचे कडे आहेत, खाली समुद्र आहे, आणि वाट इतकी सोपी की अप्पांचा गुडघा कुरकुरणार नाही. कागदांसोबत एक छोटं पुस्तक होतं. त्यातल्या सोप्या वाटांपुढे त्यानं पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. अप्पांनी चष्मा लावून प्रत्येक खूण पाहिली. "चार दिवसच आहेत ना?" ते म्हणाले. "जाऊन येऊ."

दिवसभर गाड्या बदलत आम्ही बेटावरच्या झासनित्स गावी पोचलो. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर बीच नावाच्या झाडांचं जंगल सुरू झालं. उंच, सरळ खोडं, कोवळी हिरवी पानं, आणि झाडं संपली की एकदम पांढराशुभ्र कडा आणि खाली हिरवट पाणी. अप्पांनी भेटेल त्याला हात जोडून "राम राम" म्हणायला सुरुवात केली. तिकडची माणसं "मोइन" म्हणत. संध्याकाळपर्यंत एक म्हातारं जोडपं दोनदा भेटलं, आणि दुसऱ्या वेळी त्या आजोबांनीच आधी "राम राम" म्हटलं. सुहास गेल्यानंतर अप्पांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे एका ठिकाणी वाट लाल-पांढऱ्या पट्टीनं अडवलेली होती. पट्टीपलीकडे जुन्या वाटेचा लाकडी कठडा अर्धा जमिनीत, अर्धा हवेत लोंबकळत होता. जंगल खात्याचा एक माणूस तिथे नवे खांब ठोकत होता. अप्पांनी मला मध्ये घालून त्याला प्रश्न विचारले. कडा किती ढासळतो? कधी ढासळतो? मग तुम्ही काय करता? तो खांदे उडवून म्हणाला, हिवाळ्यात पडतो, दरवर्षी कुठे ना कुठे. मग काय, आम्ही वाट आत घेतो.

मी त्याचं बोलणं मराठीत सांगितलं. अप्पा त्या लोंबकळणाऱ्या कठड्याकडे पाहत राहिले. "आमच्याकडं वीतभर बांध सरकला की दोन पिढ्या कोर्टात जातात," ते म्हणाले. "किती मोजण्या केल्या मी, किती शिव्या खाल्ल्या. आणि हा माणूस बघ. अख्खी जमीन समुद्रात गेली तरी कुणाच्या नावानं बोटं मोडत नाही."

त्यांचं एक नेहमीचं वाक्य होतं, "कागद एक बोलतो, जमीन दुसरंच बोलते. मोजणीदारानं जमिनीचं ऐकायचं." ते ऐकून घरातले सगळे कंटाळले होते. सुहास तर त्यांच्या तोंडून निघायच्या आधीच ते पुरं करायचा.

तिसऱ्या दिवशी खाली किनाऱ्यावर उतरलो. पायऱ्यांवर अप्पा आडवे होऊन, कठडा धरून उतरले. किनाऱ्यावर काळे चकमकीचे दगड आणि कड्यावरून पडलेली खडूची ढेकळं. बूट, विजारी, हात, सगळं पांढरं झालं. तेवढ्यात गावाहून मोठ्या दिरांचा फोन आला. अप्पांनी उचलला. "तिकिटं काढायची का दोघांची? आई विचारते आहे." अप्पा माझ्याकडे पाहत म्हणाले, "ऐकू येत नाही रे. इथं रेंज नाही." आणि फोन बंद केला. माझ्या माहितीत हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला होता.

शेवटच्या दिवसाची वाट सगळ्यात सोपी होती, जेमतेम तासाभराची. अर्ध्यावर एक बाक होता. बसल्यावर अप्पा म्हणाले, "घर सोडतोय म्हणून घरमालकाला लिहिलेलं ते पत्र पंधरा दिवस टेबलावर पडलंय. तू म्हणतेस, लावायला पोस्टाचं तिकीट नाही. अगं, खाली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. मी बघून आलो."

मी बुटावरचा खडू पुसत बसले.

"दुसरं काही आहे का, पोरी?"

मग मी सांगितलं. एका छोट्या कंपनीत मला नोकरी मिळाली होती, क्वालिटी विभागात. सुहास असतानाच मुलाखत झाली होती. त्यांनी माझ्यासाठी जूनपर्यंत जागा धरून ठेवली होती. सांगताना मला चोरी पकडल्यासारखं वाटत होतं.

"मी तुला न्यायला आलोय," अप्पा म्हणाले.

"मला माहीत आहे, अप्पा."

"तुझ्या सासूला शब्द देऊन आलोय." ते थांबले. "पण तू आलीस तर काय होईल, मी रोज बघतोय डोळ्यांपुढं. येणारा-जाणारा तुला बघून हळहळणार. तू त्याची बायको म्हणूनच राहशील तिथं, म्हातारी होईपर्यंत. इथं राहिलीस तर शुभांगी म्हणून राहशील. तुला काय पाहिजे, तेवढं सांग. बाकीचं मी बघतो."

"मला राहायचंय," मी म्हणाले. इतक्या हळू, की त्यांनी ऐकलं की नाही कळेना. ते उठले, पुढे कठड्यापाशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले.

पंधरा दिवसांनी म्युनिकच्या विमानतळावर मी वाकून नमस्कार केला. "दर रविवारी फोन कर," एवढंच म्हणाले आणि वळले.

गावी गेल्यावर त्यांनी काय सांगितलं ते मला जाऊबाईंकडून नंतर कळलं. "मीच तिला राहायला लावलं. ती यायला तयार होती." दिरांनी आवाज चढवला. आईंनी तर चार महिने अप्पांशी बोलणं टाकलं. ताट समोर ठेवायच्या आणि आत जायच्या. रविवारच्या फोनवर अप्पा यातलं अवाक्षर बोलले नाहीत. तिकडे थंडी किती, नोकरीत माणसं बरी आहेत का, जेवतेस ना वेळेवर. मीही खोदून विचारलं नाही. आपल्या वाट्याचं कुणी सोसत असेल तर ते न पाहण्याची एक सोय माणूस करून घेतो. मी ती करून घेतली.

अप्पा तीन वर्षांनी गेले. झोपेतच. त्याच्या आदल्या रविवारी मी मैत्रिणींबरोबर बाहेर होते, आणि फोन करायचा राहिला होता.

मी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. आई माजघरात एकट्या बसल्या होत्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघी फोनवर "बरी आहेस ना" याच्या पलीकडे गेलो नव्हतो. मी पाया पडले. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

मग त्या म्हणाल्या, "तिथं त्या समुद्रावर तुम्ही दोघांनी काय बघितलंत गं? मी कितीदा विचारलं. म्हणायचे, थंडी होती."

मी पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. सुहासनं ठरवलेली जागा, त्याच्या पेन्सिलच्या खुणा, पांढरे कडे. बाकावर काय बोलणं झालं तेही सांगितलं, राहायचंय हे माझ्याच तोंडून निघालं होतं, हेही. आई ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत.

"आणि ते रडले का गं तिथं?" त्यांनी विचारलं.

"हो, आई. शेवटच्या दिवशी. कठडा धरून, लहान मुलासारखे."

"बरं झालं," आई म्हणाल्या. "इथं नाही रडले."