काकूची पाठ आणि सहा शिकंजे

किस्से एकेकटे येत नाहीत. एक धरला का दुसरा त्याले चिकटून येते. आणि चिकटायची गोष्ट निघाली का आम्हा बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या लोकांले वसंतकाकाचा ट्रेलरच आठवते.

काका माझा शेजारी, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला. काकूच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, पंधरा मिनिटांच्या वर तिले बसता येत नव्हतं. कमरेचा पट्टा टोचायचा, म्हणून तिच्या आईनं दिलेली एकच जुनी, मऊ, रफू केलेली सुती साडी ती नेसायची. आई वर्ध्याले, नव्वदीची, डोळ्यांनी पार अधू. फोनवर एकच विचारायची, "कधी येतेस?"

काका म्हणे, "झोपवून नेतो तिले." म्हणून जीपमागं ओढायचा हा लाकडी डबा, आत पलंग. काकूची एकच अट होती. "आत पाण्याचा थेंब नको. ओल चढली का माझी पाठ गेली."

पावसाले दीड महिना होता.

*

आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून मिस्त्री मिळणं मुश्कील. सगळे शंकर नगरात साहेबांच्या केबिना बनवून राहिले होते. आमचा संतराम फक्त रविवारी यायचा. पहिल्याच रविवारी, भर मे महिन्यात, दुपारी बारा वाजता काकानं मगभर इपॉक्सी, म्हणजे लाकूड चिकटवायचा डिंक, कालवला.

संतराम म्हणे, "कका, थोड़-थोड़ बनाव."

"मी तीस वर्षं डबे जोडले बे," काका म्हणे.

पाच मिनिटांत मगातून धूर निघाला. प्लास्टिकचा मग वितळला आणि ब्रश आत दगडासारखा उभा राहिला. अर्धा माल गेला. त्यानंतर आम्ही पहाटे पाचच्या गारव्यात चिकटवायला लागलो, आणि संतरामले विचारल्याशिवाय काका काही कालवत नव्हता.

*

चिकटवलेलं दाबून धरावं लागते. जागा चाळीस, आमच्याकडे पेचानं आवळायचे शिकंजे सहा. मग पाऱ्यातून वजनं मागितली. गॅसचे सिलेंडर आले, विटा आल्या, समोरच्या साहू दीदीचा पाटा आला. नऊ वाजता दीदी पाटा परत मागायला हजर.

"भैया, चटनी पीसना है. मेहमान बैठे हैं."

काका दारात आडवा. "छह घंटे. उसके पहले नहीं."

"एक पत्थर से क्या होगा?"

"मेरी औरत का बिस्तर है, दीदी."

दीदी घरी गेली, लोखंडी खलबत्ता घेऊन आली आणि तोही पाट्याशेजारी ठेवून गेली. पाहुणे त्या दिवशी चटणीशिवाय जेवले.

*

प्लायची कड पाणी पिते. म्हणून काकानं प्रत्येक कडेले इपॉक्सीचे तीन-तीन हात मारले, प्रत्येक स्क्रूचं भोक भरलं. उशाकडच्या दिव्याच्या वायरचं भोक तेवढं माझ्याकडे होतं.

"भरलं?" काकानं विचारलं.

"हो," मी म्हटलं. ऑफिसले उशीर होत होता.

जूनमध्ये पाण्याची टेस्ट घेतली. मी वरून पाइप धरला, काका आत टॉर्च घेऊन, पलंगावर पेपर अंथरलेला. वीस मिनिटं काही नाही. मग आतून आवाज आला, "बंद कर."

पेपरवर, बरोबर उशाकडे, रुपयाएवढा ओला ठिपका. काकानं ओला पेपर घडी घालून माझ्या हातात दिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मले तोंड दाखवायची लाज वाटून राहिली होती. त्याच संध्याकाळी वर्ध्याहून फोन आला. आईनं जेवण सोडलं होतं.

*

उशाकडचं छत वाकून पलंगापर्यंत खाली येते. पाणी प्यायलेला तो सगळा भाग कापला. संतराम साहेबांच्या कामावर खाडा करून आला. पहाटे नवीन तुकडा लावला, इपॉक्सी धरायला लागला आणि एका शिकंज्याचा आटा गेला. आम्हा तिघांचेही हात अडकलेले. मधला जोड उघडायला लागला.

काकू अंगणातल्या खाटेवरून उठली, आत शिरली, पलंगावर बसली आणि त्या जोडाले पाठ लावली.

"अगं, उठ," काकाचा आवाज फाटला. "पंधरा मिनिटं झाली का..."

"तुमचा हात हालला तर माझं जाणं गेलं. गप्प धरा."

तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी देवाचं नाव घेत होतो, आणि मी काही देवाचा माणूस नाही. संतरामनं नखानं तपासून "हव, धर लिस" म्हटलं, म्हणजे हात सोडण्यापुरतं धरलं, तेव्हा सव्वा तास झाला होता.

काकूले उठवायला गेलो तर साडी भिंतीले चिकटलेली. संतरामनं कैचीनं कापली, रफूचा पंजाएवढा तुकडा तिथंच राहिला. मी घासून काढतो म्हटलं.

"हात नको लावू," काका म्हणे. "सील झालं आहे."

चौथ्या दिवशी निघालो. भंडाऱ्याजवळ पाऊस लागला, धो धो. आत थेंब नाही.

वर्ध्याले काकूच्या आईले, आजीले, उचलून अंगणात आणलं. तिनं हट्टच धरला, लेकीजवळच झोपते म्हणून. दोघी मायलेकी त्या डब्यात आडव्या. आजी हातानं डबा पाहायला लागली. आधी पलंग, मग कड, मग भिंत. एका जागी तिचं बोट थांबलं, मागं आलं, परत गेलं.

"हा रफू माझा आहे," आजी म्हणाली.