संमतीचं चित्रीकरण

सांगलीतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नीतिसमितीवर मी सामान्य माणसांची प्रतिनिधी आहे. निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे वेळेवर येणार आणि मध्ये बोलणार नाही, म्हणून मला घेतलं होतं. पहिली दोन वर्षं मी बिस्किटं खाल्ली आणि सह्या केल्या. डॉक्टर, वकील आपसात इंग्रजीत बोलत, माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नसे. त्याचा मला राग होता. तो मी कुणावर काढला ते सांगते.

जनुकं दुरुस्त करण्याच्या एका उपचाराची चाचणी आमच्याकडे आली. थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी काढायच्या, परदेशातल्या प्रयोगशाळेत त्यांतला दोष सुधारायचा आणि त्या परत त्याच्या अंगात सोडायच्या. माणसाच्या जनुकांना हात लावायचा, म्हणून देशोदेशीचे नियम आणि सगळे कडक. त्यांतला एक असा, की काय होणार आणि धोका काय, हे आईवडिलांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या शब्दांत सांगायचं, कुणाच्या दबावाशिवाय.

कवठे महांकाळकडची बारा वर्षांची मुलगी पहिली होती. पंधरा-पंधरा दिवसांनी रक्त चढवून जगत होती, आणि त्या रक्तातलं लोह अंगात साचत चाललं होतं. तिचं चित्रीकरण समितीला दाखवलं. वडील फौजेत, त्यांनी सुट्टीत येऊन नीट सांगितलं होतं. मग आईला विचारलं. तिने पदर पुढे ओढला आणि शेजारी बसलेल्या सासऱ्यांकडे बघितलं.

"तिला काय इचारताय? आमी सांगतो की. आमचं व्हय हाय," सासरे म्हणाले.

तिला पुन्हा विचारलं. ती गप्पच.

डॉक्टर म्हणाले, लाजली असेल. मी हात वर केला. "ही संमती आईची नाही, सासऱ्याची आहे," मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी दहा मिनिटं बोलले. फार बरं वाटलं.

खरं तर मला सगळं कळत होतं. मीही माण तालुक्यातल्या घरची सून. सासऱ्यांसमोर वीस वर्षं तोंड उघडलं नाही, आणि तरी घरात बरंचसं माझ्या मनासारखं करून घेतलं. ते समितीला सांगितलं असतं तर माझा मुद्दाच गेला असता.

फाइल परत गेली, आईचं चित्रीकरण पुन्हा करून पुढच्या बैठकीला आणा म्हणून. त्याआधीच याच चाचणीतल्या, दुसऱ्या देशातल्या एका रुग्णाची प्रकृती बिघडली आणि चाचणीच्या देखरेख मंडळाने सगळीकडेच नवे रुग्ण घेणं थांबवलं. पुढे बाहेरचे तपासनीस आले. माझा आक्षेप वाचून त्यांनी समितीचं कौतुक केलं, रुग्णालयाने मला शाल दिली.

श्रावणात ती आई पत्ता विचारत माझ्या घरी आली, एकटीच.

"पोरगी गेली, बाई," ती म्हणाली. "काळजात लोह साचलं व्हतं."

मी तिला आत बसवलं. मग ती सांगू लागली. "पेशी काढणार, लय जालीम औषध देणार, केस जाणार. पुढं तिला मूल न्हाई झालं तरी कुणाला बोल लावायचा न्हाई. मरायचा बी धोका हाय. हे समदं तवाबी ठावं व्हतं मला. पर मामंजी तीन म्हैनं न्हाईच म्हनत व्हते. त्यांच्या तोंडनं व्हय निघावं म्हनून म्या गप बसले. म्या बोलले असते तर ते उठून गेले असते."

तिने माझ्याकडे बघितलं.

"समितीत एक बाईमानूस बी हाय म्हनले डाक्टर. मला वाटलं, तुमास्नी कळंल."

"नाही गं कळलं मला," मी तिच्या तोंडावर खोटं बोलले.