बेडफर्डला नेलेली शाल

मेडनहेडहून निघालो तेव्हा माझ्या मांडीवर शाल होती आणि नारळ पायाशी गडगडत होता. गाडी चालवणारा सौरभ, माझा भाचा, इथे इंग्लंडमध्ये आयटी कंपनीत आहे.

"आत्या, धिस इज अ बिट मच हं. त्या माणसाने आयुष्यभर ॲवॉर्ड्स रिफ्यूज केलीत, तूच सांगितलंस ना?"

"कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं," म्हणून मी विषय संपवला.

तो माणूस म्हणजे दोनातो. दक्षिण इटलीत शेतमजुरांना घेऊन जमीनदाराच्या पडीक जमिनीवर बसले म्हणून तुरुंगात गेले, सुटल्यावर बेडफर्डच्या वीटभट्ट्यांवर राबले आणि तिथल्या मजुरांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्याचा इंग्रजीवरून केलेला माझा मराठी अनुवाद तयार होता, प्रकाशकही तयार होता. अडलं होतं ते फक्त दोनातोंच्या परवानगीपाशी. पत्रांना उत्तर येईना, तेव्हा मीच उठून आले.

बेडफर्डला लाल विटांची बसकी घरं. खिडक्यांत तुळशीची इटालियन बहीण, जिला ही मंडळी खुशाल जेवणात घालतात. दोनातोंच्या पत्नी रोझाबाईंनी दार उघडलं, कडक कॉफी दिली आणि सोबत तराल्ली (बडीशेप घातलेली खुसखुशीत कडी). चकलीची आठवण झाली. मी तीन खाल्ल्या.

मग सवयीने घात केला. दोनातो समोर बसताच मी उठून त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ हातात दिला, आणि सौरभने फोटो काढला. पुण्यातला सत्कारच झाला म्हणायचा. दोनातोंनी शाल उतरवली, नीट घडी घातली.

"मंत्र्यांना परत पाठवलं मी. तुम्हाला वेगळा नियम का?"

गेली परवानगी, असं मला वाटलं. त्यांनी शाल माझ्यापुढे धरली. "मी लिहीत बसायचो तेव्हा हिने हॉस्पिटलच्या चादरी धुऊन घर चालवलं. द्यायचीच तर हिला द्या."

मी रोझाबाईंना शाल पांघरली, नारळ ओटीत घातला आणि वाकून नमस्कार केला. त्या नारळ कुरवाळत राहिल्या. मग नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "छापा तुम्ही. पण त्या पुस्तकात मी कुठे आहे?"

मी आठवू लागले. एका वाक्यात होत्या, दिवा विझवताना.

"अनुवादात मला भर घालता येत नाही हो," मी म्हटलं. फार लाज वाटली.

दोनातोंनी टेबलावरची वही पुढे ओढली. मग म्हणाले, "तुम्हाला नाही येत. मला येते."

पुण्याला परतल्यावर दोनातोंनी रोझाबाईंवर लिहिलेलं नवं प्रकरण आलं. पाठवण्याआधी रोझाबाईंनी त्यातली दोन वाक्यं खोडायला लावली होती, ती फार गोड होती म्हणे. मूळ इटालियन पुस्तकात ते प्रकरण अजून नाही. मराठीत आहे. परदेशातून माणसं काय काय आणतात. मला मात्र तिथल्या एका बाईने आपलं आयुष्य पहिल्यांदा माझ्या भाषेत छापायला दिलं. या उपकाराची फेड मला जमणार नाही.