वसुधा कदम यांची एकमेव रजा

वसुधाताई गेल्याचा मेसेज कार्यालयाच्या ग्रुपवर सकाळी सव्वानऊला आला आणि त्याखाली हात जोडलेली चित्रं भराभर उमटू लागली. मी काहीच टाकलं नाही. आधी साताऱ्यातल्या रुग्णालयाच्या चौकशी खिडकीला फोन केला, मग कार्यालयातल्या अश्विनीला. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, तेव्हा बातमी मान्य केली. माणूस गेल्याची बातमी दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय छापायची नाही, हा वर्तमानपत्रातला साधा नियम आहे आणि तीस वर्षांच्या नोकरीत तो अंगवळणी पडलेला. नियम चांगलाच आहे. पण एकदा मी तो वसुधाताईंवरच चालवला होता, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर ते वगळून लिहिता येणार नाही. त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले.

आमची आवृत्ती सांगली आणि सातारा अशी जोड आहे. पानं सांगलीत लागतात, साताऱ्यात छोटं कार्यालय. वसुधा कदम माझ्याआधी दोन वर्षं रुजू झाल्या. मूळच्या मेढ्याच्या, आईवडील लवकर गेले, लग्न केलं नाही. तालुक्यांचं पान त्यांच्याकडे असे. गावोगावचे वार्ताहर पाठवतील त्या मजकुरातून बातमी वेगळी काढायची, हे त्यांचं काम. एखादी ओळ खटकली की पेन टेकवून थांबायच्या आणि म्हणायच्या, "हे याला कुणी सांगितलं?" पुढे मी आवृत्तीप्रमुख झालो आणि त्या मला थोड्या चेष्टेनं 'साहेब' म्हणू लागल्या.

दिवाळी, गणपती, यात्रा, परीक्षेचे दिवस, मे महिना... कामाचा तक्ता लावताना या दिवसांवर त्यांचं नाव आपोआप पडायचं. तक्ता मीच लावायचो. त्यासाठी कधी कुणी त्यांना विचारल्याचं मला आठवत नाही. "ताईंना काय, घरी कोण वाट बघतंय?" हे वाक्य कार्यालयात इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. माझ्या मुलाचा जन्म झाला तेव्हा आमच्याकडे बापाला रजा नव्हती. मी कावीळ झाल्याचं सर्टिफिकेट दिलं आणि पंधरा दिवस घरी राहिलो. ते पंधरा दिवस माझं पान वसुधाताईंनी लावलं. परत आलो तर म्हणाल्या, "साहेब, पिवळं कोण होतं? बाळ की तुम्ही?" मी हसलो. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, की कुणाला सांगितलंही नाही.

अश्विनी ही आष्ट्याची मुलगी. आमच्याकडे उपसंपादक म्हणून लागली, लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाची सहा महिने भरपगारी रजा तिला कायद्याप्रमाणे मिळाली. तिच्या जागी कुणी नेमलं गेलं नाही. तिचं पान वसुधाताईंकडे गेलं. अडीच वर्षांनी दुसरं बाळंतपण, पुन्हा तेच. या दुसऱ्या खेपेनंतर अश्विनी कामावर परतली त्याच आठवड्यात पुण्याहून मनुष्यबळ विभागाचे एक अधिकारी आले. बैठकीत त्यांनी संस्था मातांची कशी काळजी घेते ते सांगितलं आणि कुणाच्या काही सूचना आहेत का, असं विचारलं. असं विचारल्यावर कुणी बोलत नसतं. वसुधाताई बोलल्या. ज्यांना मुलं नाहीत त्यांनाही सबंध नोकरीत एकदा तीन महिन्यांची भरपगारी रजा मिळावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

कुणीतरी मागून म्हणालं, "मांजर व्यायली तर चालेल का ताई?" मोठा हशा झाला. अश्विनी मात्र चिडली. "ताई, ती सुट्टी नसते हो. टाके ओले असतात आणि दर दोन तासांनी उठायचं असतं. महाबळेश्वरला जाऊन बसल्यासारखं काय बोलता?"

"अगं, तुझ्यातला एक दिवस कमी करा असं मी म्हटलं का?" वसुधाताईंनी आवाज चढवला नाही. "तुला वर्षभर मिळायला हवी. पण ती दिली कुणी ते बघ. मालकांनी सही दिली. रजा मी दिली. दोनदा."

अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी टिपलं. चहा आला. त्या दिवसानंतर कार्यालयात वसुधाताईंबद्दल एक मत तयार झालं, की बाईंना पोरांचा मत्सर आहे. अश्विनीलाही काही महिने तसंच वाटत होतं, हे तिनं मला पुढे सांगितलं. माझं मत वेगळं होतं, पण जास्त चांगलं नव्हतं. मला वाटलं, यामागे काहीतरी आहे. इतकी वर्षं गप्प राहिलेलं माणूस अचानक रजेवर का बोलतं?

बैठकीला दोन महिने झाले आणि त्यांचा अर्ज आला. नोकरीतला त्यांचा पहिलाच मोठा अर्ज. एक महिन्याची रजा; कारण, 'घरातील आजारी व्यक्तीची शुश्रूषा'. नात्याचा रकाना कोरा. माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्या घरात कुणी नव्हतं. त्याच सुमारास कोल्हापूरचं एक दैनिक सांगलीत आवृत्ती काढणार अशी चर्चा होती आणि आमची दोन माणसं अशीच 'घरगुती कारणानं' रजेवर जाऊन तिकडे रुजू झाली होती. अर्जावरून मी मनाशी बातमी लावली... कदमबाई चालल्या. त्या पलीकडच्या टेबलावर बसल्या होत्या. उठून दहा पावलं चालत गेलो असतो आणि विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं, असं आज वाटतं. पण ज्याच्यावर संशय आहे त्याला शेवटी विचारायचं, आधी बाहेरून खात्री करायची, ही आमची पद्धत.

मला इतकंच ठाऊक होतं, की विश्रामबागेत भाड्यानं घेतलेल्या घरात त्यांच्याबरोबर निर्मला माने नावाच्या निवृत्त शिक्षिका राहतात आणि त्या रहिमतपूरच्या आहेत. मी रहिमतपूरचे आमचे वार्ताहर पवार यांना फोन केला. या माने बाई खरंच आजारी आहेत का, एवढंच जरा बघा, म्हणालो. नाव घेऊ नका, घरच्यांना विचारू नका, असं काही सांगितलं नाही. पवारांनी बातमी जशी काढतात तशीच काढली. सरळ मान्यांच्या घरी गेले आणि निर्मलाबाईंच्या थोरल्या भावाला विचारलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पवारांचा फोन आला. आवाजात काम फत्ते केल्याचा आनंद. "सायेब, लय बरं झालं तुमी इचारलं ते. भावांना कायच ठावं न्हवतं. बाई आठ म्हैने अंथरुनाला खिळल्यात आन हितं कुनाला पत्ता न्हाई! काल जीप करून सांगलीला गेलो, मीबी गेलतो संगं. बाईस्नी घरी घिऊन आलो."

"त्या आल्या?"

"येत न्हाई म्हनत हुत्या. पर आजारी मानसाचं काय ऐकायचं? ती तुमची कदमबाई दारात आडवी हुबी ऱ्हायली. थोरला म्हनला, आवं बाई, तुमी आमच्या बहिनीच्या कोन? तवा सरली बाजूला."

भाऊ वाईट माणसं नव्हती, हे नोंदवायला हवं. सख्खी बहीण परक्या घरात आजारी पडून आहे, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी तिला पुढची खोली दिली, कोरेगावहून डॉक्टर आणला. पण निर्मलाबाईंनी पंचवीस वर्षांपूर्वी ते घर भांडून सोडलं होतं आणि काहीही झालं तरी मला तिकडं नेऊ देऊ नकोस, असं त्यांनी वसुधाताईंकडून कबूल करून घेतलं होतं. हेही मला अश्विनीकडून कळलं, खूप नंतर. चौथ्या दिवशी सकाळी वसुधाताई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मी अर्जावर अजून शेरा मारलेला नव्हता. म्हणाल्या, "तो अर्ज रद्द करा. आता कारण उरलं नाही." मी कारण विचारलं नाही. त्यांनी अर्ज घेतला, घडी घातली आणि जाऊन तालुक्याचं पान लावायला बसल्या.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या दोनदा रहिमतपूरला जाऊन आल्या. पहिल्यांदा चहा मिळाला, भेट झाली. दुसऱ्यांदा बाई झोपल्यात असं सांगून ओसरीवरूनच वाटेला लावलं. आणि मग एका दुपारी पवारांनी नेहमीच्या बातम्यांबरोबर एक छोटी बातमी पाठवली... 'निवृत्त शिक्षिका निर्मला माने यांचे अल्पशा आजाराने निधन'. अंत्यसंस्कार सकाळीच उरकले होते. पश्चात दोन भाऊ, भावजया, पुतणे असा परिवार. रहिमतपूरचा मजकूर वसुधाताईंकडेच जायचा. ही बातमीही त्यांच्याकडेच गेली.

मला ते कळायच्या आत पानाची छापील प्रत माझ्या टेबलावर तपासायला आली होती. बातमी जागेवर लागलेली होती. वसुधाताईंनी पेनानं एकच शब्द काढला होता, 'अल्पशा'. परिवाराच्या ओळीला हात लावला नव्हता. मी मान वर करून पाहिलं. त्या पुढचा मजकूर वाचत होत्या. 'जा, घरी जा' असं म्हणावं असं वाटलं, पण म्हणालो नाही. म्हटलं असतं, तर निर्मलाबाई त्यांच्या कोण लागतात ते मला ठाऊक आहे हे उघड झालं असतं, आणि ते कसं ठाऊक, हाही प्रश्न आला असता.

तिथून पुढची आठ वर्षं मला एकच शंका होती. यांना कळलं आहे का? पवार हे पोटात काही ठेवणारे गृहस्थ नव्हेत. दिवाळी अंकाच्या वेळी सगळे वार्ताहर सांगलीत आले, तेव्हा पवार आणि वसुधाताई जिन्यापाशी बोलताना दिसले आणि माझं अर्ध्या तासाचं काम बिघडलं. त्या माझ्याशी जास्त नीट बोलल्या की वाटे, कळलं आहे. तुटक बोलल्या तरी तेच वाटे. निर्मलाबाई गेल्यावर महिन्याभरातच त्यांनी साताऱ्याला बदली मागितली; कारण, 'वैयक्तिक'. मी त्याच दिवशी शिफारस करून अर्ज पुण्याला पाठवला. इतक्या तातडीनं पाठवला म्हणूनही त्यांना शंका आली असेल, असं नंतर वाटत राहिलं.

साताऱ्यात त्या बदलल्या, असं लोक म्हणत. बाळंतपणाच्या रजेचा पुढचा अर्ज तिथल्या एका मुलीचा आला, तेव्हा ज्येष्ठ म्हणून त्यांनी त्यावर शेरा मारला, 'रजा द्यावी. बदली माणूस नेमल्याखेरीज तिचं काम स्वीकारणार नाही.' पुण्याहून फोन आले, मीही केला. "अहो ताई, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग पुण्याचं कुणी येऊन बसा." दहा दिवस ओढाताण झाली आणि शेवटी बदली माणूस नेमला गेला. पुढे तो पायंडा पडला. त्यानंतर रजेवर गेलेल्या तिघी मुली कुणाच्या तरी डोक्यावर काम टाकून जातोय या भावनेनं गेल्या नाहीत. मूल नसणाऱ्यांच्या तीन महिन्यांचं मात्र काही झालं नाही. ती सूचना पुण्याच्या त्या वहीतच कुठंतरी असेल.

गेल्या वर्षी वसुधाताईंचं दुखणं निघालं. उपचार लांबले. शेवटच्या टप्प्यात त्या साताऱ्याच्या रुग्णालयात होत्या, आणि तिथं दिवसभर कोण बसतं, हे मला माझ्या टेबलावर आलेल्या एका अर्जावरून समजलं. अर्ज अश्विनीचा. तीन आठवड्यांची रजा. कारण, 'आजारी नातेवाइकाची शुश्रूषा'. नात्यापुढे लिहिलं होतं, 'मावशी'. अश्विनीच्या लग्नाला मी गेलो होतो. तिच्या आईला तीन भाऊ, बहीण एकही नाही. आष्ट्याला आमचा वार्ताहर आहे, फोन हाताशी होता. नियमाप्रमाणे तो अर्ज खोटा होता. अश्विनी समोर उभी होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, दोन्ही पोरांच्या वेळी ताईंनी मला वर्ष दिलंय. मी तीन आठवडे मागतेय." मी सही केली.

त्या रविवारी साताऱ्याला गेलो. खिडकीशेजारची खाट होती. अश्विनी पेज भरवत होती. मला पाहिल्यावर वाटी ठेवून ती डबा धुवायच्या निमित्तानं बाहेर गेली. वसुधाताई खूप वाळल्या होत्या, पण नजर तीच, कच्च्या मजकुरावर ठेवायच्या तशी. आवृत्तीचं विचारलं, नव्या मुलांचं विचारलं. मग म्हणाल्या,

"अश्विनीची रजा मंजूर केलीत म्हणे."

"हो."

"मावशी लिहिलंय तिनं."

"वाचलं."

 मग अगदी साध्या आवाजात, पान कुठवर आलंय असं विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "या वेळी फोन नाही केलात कुणाला?"

मी नाही म्हणालो. आठ वर्षं जे सांगायचं होतं ते तेव्हा सांगता आलं असतं. अश्विनी डबा घेऊन आत आली, त्यांनी तिच्याकडे पाहून तोंड उघडलं, तिनं चमचा पुढे केला. त्यानंतर त्या बारा दिवस होत्या. त्यात मी पुन्हा जाऊ शकलो नाही. 'जाऊ शकलो नाही' हेही तपासून पाहिलं तर टिकणार नाही... गेलो नाही.

अश्विनी रजा संपायच्या दोन दिवस आधी कामावर हजर झाली. तिचा अर्ज सांगलीच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, या वर्षीच्या फाइलमध्ये आहे. नात्याच्या रकान्यात मावशी आणि खाली माझी सही. लेखापरीक्षणाला पुण्याहून माणसं येतील तेव्हा ती फाइल उघडली जाईल. त्यातली माहिती चुकीची आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही.