शाळेच्या किल्ल्या

माझे मालक साथीत गेले त्या दिवसापासून घरातले देव मी भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. इस्पितळवाल्यांनी त्यांचा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह लांबूनच दाखवला, चेहरासुद्धा पाहू दिला नाही. माणसांशी भांडायची माझी छाती नाही, म्हणून देवाशी भांडले. दिवा लावणं सोडलं.

मी परळच्या एका शाळेत साफसफाई करते. साथीमुळे शाळा बंदच होती. मालकांना जाऊन महिना होतो न होतो तोच, वादळ येणार म्हणून वरळी कोळीवाड्यातली साठेक माणसं एका दुपारी आमच्या शाळेत आणून खालच्या हॉलमध्ये बसवली. मुख्याध्यापिका बाई फोनवर म्हणाल्या, वरचे वर्ग उघडू नकोस, नवे बाक आलेत. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनी मला विचारलं, आणखी खोल्या आहेत का? वरच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. बाई ओरडतील म्हणून मी मान खाली घालून नाही म्हटलं. साहेब निघून गेले.

वाऱ्याला भिऊन लोकांनी खिडक्याही लावून घेतल्या. गुडघ्याला गुडघा लावून सगळे बसले. त्यात एक म्हातारी खोकत होती. दमा आहे म्हणून सांगत होती, पण ऐकतो कोण. एक बाप्या उठला.

"म्हातारे, व्हरांड्यात बस. आमची पोरं हायत इथं."

मला त्याचा राग आला, साहेबांचा आला, बाईंचा आला. स्वतःचा आला तो सगळ्यांत जास्त. तरी तोंड उघडेना.

म्हातारी भांडली नाही. पदराची गाठ सोडून तिनं देवघरातला चांदीचा टाक काढला, एकवीरा आईचा, आणि माझ्या हातावर ठेवला.

"बाय, आईला आत ठेव. भिजवू नको तिला. मी हाय बाहेर."

आणि खरंच ती पावसाच्या झोडीत जाऊन बसली.

टाक तिच्या अंगाच्या उबेनं गरम होता. मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, लाज नाही वाटत? तुझं माणूस बाहेर कुडकुडतंय आणि तू आत कोरडी बसणार? माझे मालकही असेच एकटे गेले, तेव्हा कुठं होतीस? आणखी पुष्कळ बोलले. बोलता बोलता कमरेच्या किल्ल्या हाताला लागल्या आणि मी गप्प झाले.

मग कुठून आवाज फुटला ठाऊक नाही. म्हटलं, "उठा सगळे. एकेक घर एकेका वर्गात चला. खिडक्या उघड्या ठेवायच्या."

तो बाप्या म्हणाला, "इतका वेळ किल्ल्या कुठं होत्या?"

"माझ्याकडंच होत्या."

मग बाहेर जाऊन त्यानंच म्हातारीचं बोचकं उचललं.

बाकांना ओरखडे पडले. बाई बोलल्या, मी ऐकून घेतलं. त्या माणसांत कोणी आजारी पडल्याचं पुढं कानावर आलं नाही. त्याला काय म्हणावं ते मला कळत नाही.

देवाच्या हवाली केलं असं म्हणत मी जन्मभर हात बांधून बसले. त्या म्हातारीनं आपली देवी माझ्या हवाली केली. एवढा विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता.

घरी आल्यावर देव सरळ केले, दिवा लावला. राग गेलेला नाही. आता समोर बसून बोलते.