सौनामागची पिओनी

दूर उत्तरेकडच्या कुहमोजवळच्या त्या तळ्याकाठच्या गावात साइमीच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. तळ्यावरचं बर्फ फुटलं की ती फावडं घेऊन बाहेर पडायची, ती जेवायलाच आत यायची.

युद्ध सरताना तिच्या मुलाने, तौनोने, विएनोशी लग्न केलं. विएनो सरहद्दीवरच्या करेलिया प्रांतातली. सरहद्द सरकली, गाव सोडावं लागलं, तेव्हा तिच्या आईने दारातल्या पिओनीच्या फुलझाडाचा कंद उपटून पोत्यात घातला. आई वाटेतच गेली; कंद तेवढा पोहोचला. विएनोने तो सासरच्या पायरीशेजारी, उन्हाच्या भिंतीला लावला.

"फुलं काय उकडून खायची?" साइमी म्हणाली.

वसंत आला. रुबार्बच्या भाजीने लाल डोकी वर काढली, पण पिओनीचा पत्ता नाही. विएनो गोठ्यात असताना साइमीने बटाट्यांसाठी तो वाफा खणला. फावडं कचकन कशात तरी रुतलं. मातीबरोबर वर आले ते बोटाएवढे तांबडे, रसरशीत कोंब. मोडलेले.

"अगं, मला वाटलं मेलंय," ती विएनोला म्हणाली.

"उशिरा उठतं ते, सासूबाई. मला विचारायचं तरी."

विएनोने तुकडे ओच्यात गोळा केले आणि सौनामागे, वाफेच्या न्हाणीघराच्या पाठीशी, पुरले. ती भांडली नाही. पण त्यानंतर कामापुरतंच बोलायची, कॉफीचा कप घेऊन वेगळी बसायची. तुकडे जगले, फुललं मात्र एकही नाही. पुढे तौनोला स्वीडनमध्ये कारखान्यात काम मिळालं आणि दोघं निघून गेली.

मग साइमी त्या झाडांच्या मागे लागली. राख घातली, जुनं शेणखत घातलं, थंडी लागू नये म्हणून वर तोडलेल्या फांद्या पसरल्या. बऱ्याच वर्षांनी झाड फुललं. पुढच्या उन्हाळ्यात विएनो आठवडाभर आली, तेव्हा साइमीने तिला हाताला धरून सौनामागे नेलं. काय बोलायचं ते तिने हिवाळाभर घोळवलं होतं.

"विएनो, तेव्हा मी ते बटाटे लावायला…"

"कुठले बटाटे, सासूबाई?" विएनो फुलावर वाकली होती.

"कंद काढून देते. घेऊन जा."

"लावू कुठे? चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही. खाली सगळं डांबर."

ती खरंच विसरली होती, की विषय टाळत होती, ते साइमीला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

"बरं," ती म्हणाली, "चल, कॉफी करते." आत जाऊन दोघी तौनोच्या कंबरदुखीबद्दल बोलत बसल्या.